मुंबई ते रत्नागिरी : रेल्वे, एसटी, गाडी की बोट? आणि परतीचं काय ते आधी बघा

माझं माहेर रत्नागिरी आणि सासर डोंबिवली, त्यामुळे हा प्रवास माझा सगळ्या प्रकारांनी करून झालाय. लाल डब्याने, पॅसेंजरच्या दारात बसून, नवऱ्याच्या गाडीतनं, एकदा तर भावाच्या बाइकवर मागे बसून खाड्या ओलांडत दोन दिवसांनी पोचलेय. दर एप्रिलमध्ये आणि गणपतीच्या दोन महिने आधी बिल्डिंगमधलं नाहीतर ऑफिसमधलं कोणीतरी विचारतंच, अगं रत्नागिरीला जायला बेस्ट काय गं? आणि मी दरवेळी उलटं विचारते की कधी जायचंय, कितीजण, आणि परत कधी यायचंय. शेवटच्या प्रश्नाला समोरचा हमखास गडबडतो कारण परतीचा विचार कोणी केलेलाच नसतो. तर आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

पायरी १ : आधी महिना बघा, गाडी नंतर

जे जानेवारीत बेस्ट ते जुलैत बेस्ट नसतं. नोव्हेंबर ते मार्च हा सगळ्यात सोपा काळ, लाँग वीकेंड आणि नाताळ-थर्टी फर्स्ट सोडलं तर तिकिटं मिळतात, रस्ता कोरडा असतो, काहीही निवडा चालतंय. एप्रिल-मेमध्ये शाळांच्या सुट्ट्या, आंबे आणि लग्नं सगळं एकदम येतं त्यामुळे रेल्वे फुल्ल.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाड्या मुद्दाम हळू चालवतात, वेळा बदलतात, काही गाड्यांचे दिवस कमी होतात. वंदे भारत एरवी शुक्रवार सोडून रोज असते ती पावसाळ्यात आठवड्यातनं तीनच दिवस. लोक उन्हाळ्यातला जुना स्क्रीनशॉट बघून स्टेशनवर जातात आणि मग बोंबलतात. दरड हा प्रकार पण धरून चाला, १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड रुळावर आली आणि गाड्या दुसऱ्या दिवसापर्यंत अडकल्या होत्या. म्हणजे जुलैत कुणाचं लग्न, कोर्टाची तारीख, परीक्षा असं काही असेल तर एक दिवस आधी पोचा, मग गाडी कुठलीही असू दे.

आणि गणपती. त्याचे नियम वेगळे, ते प्रत्येक ठिकाणी सांगतेच.

पायरी २ : परतीचं तिकीट आधी काढा

हो, आधी. मुंबईहून जायला दहा मार्ग आहेत, गाड्या इथनंच सुटतात, एसटी जादा गाड्या सोडते, शेवटी काहीच नाही तर पनवेलला उभं राहून कशात तरी चढता येतं. येताना तसं नसतं. रत्नागिरीला येणाऱ्या बऱ्याच गाड्या मडगाव, मंगळूर, केरळकडून भरून येतात, आणि रविवारी रात्री किंवा गौरी-गणपती विसर्जनानंतर अख्खा जिल्हा एकाच वेळी मुंबईला निघतो. जायचं तिकीट कन्फर्म झालं म्हणून पेढे वाटणारे लोक येताना बायकापोरांसकट जनरलच्या दारात लटकलेले मी बघितलेत, एकदा मी स्वतः त्यांच्यात होते आणि कडेवर दोन वर्षांची लेक. तेव्हापासून आमच्याकडे नियम केलाय, परतीचं कन्फर्म होत नाही तोवर जायची तारीख फायनल नाही.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होतं). प्रवासाचा दिवस सोडून ६० मोजायचे. उदाहरण घ्या, २०२६ चे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, तुम्हाला १२ सप्टेंबरला निघायचंय तर बुकिंग १४ जुलैला सकाळी आठला उघडणार. आठ म्हणजे आठ. साडेआठला बघू म्हणाल तर वेटिंग तीन आकडी झालेलं असतं. रेल्वे बुकिंगच्या आयआरसीटीसी अकाउंटला आधार आधीच जोडून ठेवा, प्रवाशांची नावं तिथल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, आणि घरातले दोघं दोन फोनवर बसा, एक जाण्याचं बघेल, एक येण्याचं. येण्याची तारीख वेगळी असल्यामुळे तिचं बुकिंग वेगळ्या दिवशी उघडतं हे विसरू नका, मोबाइलमध्ये दोन अलार्म लावा.

पायरी ३ : घर ते घर किती तास ते मोजा

वंदे भारत साडेचार तासात पोचवते हे ऐकायला भारी वाटतं. पण ती सीएसएमटीहून पहाटे ५.२५ ला सुटते. तुम्ही बोरिवलीला राहताय तर तिथनं दादरला त्या वेळी पोचायचं म्हणजे रात्रीची झोप गेलीच, वर कॅबचे पैसे. आणि रत्नागिरी स्टेशन गावात नाहीये, ते कुवारबावला, गावापासून सात-आठ किलोमीटर, तिथनं रिक्षा. तुमचं घर मिऱ्याला किंवा भाट्याच्या पलीकडे असेल तर आणखी वेळ. माझ्यासारखीला डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून ठाणं, तिथनं गाडी, मग रिक्षा धरून घर ते घर साडेसहा तास होतात, तरी पण तो सगळ्यात कमी वेळ आहे.

हाच हिशोब रस्त्याने केला तर अंतर साधारण ३३० ते ३५० किलोमीटर, तुम्ही मुंबईत कुठे आहात त्यावर. कागदावर सहा तास, खरं म्हणजे चहा-नाश्ता आणि माणगावची कोंडी धरून आठ, वाईट दिवशी बारा. एसटी रात्रीची नऊ-दहा तास पण ती तुम्हाला गावात मधोमध स्टँडवर सोडते आणि झोपेत वेळ जातो, म्हणजे दिवस वाया जात नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी तास किती यापेक्षा किती वेळा चढउतार ते मोजा. माझ्या सासूबाईंना लोकल, मग पूल चढून प्लॅटफॉर्म, मग रेल्वे, मग रिक्षा यापेक्षा घराजवळच्या स्टॉपवरनं एकच एसटी परवडते, जरी तीन तास जास्त लागले तरी.

पायरी ४ : रेल्वेने जायचं ठरलं तर कुठली गाडी

एकटे असाल, दोघं असाल, तब्येतीने ठीक असाल तर पहिली पसंती रेल्वेच. आता एकेक बघू.

वंदे भारत आणि तेजस, दोन्ही पहाटेच्या, दोन्ही एसी बसायच्या. महाग आहेत पण तिकीट मिळायची शक्यता बाकीच्यांपेक्षा जरा बरी, कारण महाग आहेत. जनशताब्दी सीएसएमटीहून ५.१० ला, हिच्यात साधी सेकंड सीटिंग पण असते त्यामुळे स्वस्तात पटकन जायचं असेल तर माझं मत हिला. काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा पण असतो, पावसाळ्यात एकदा पोरांना त्यात बसवा, उक्षीचा धबधबा आणि नद्यांवरचे पूल बघायला मजा येते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, पोरं आधी ओरडतात आणि मग कंटाळून विचारतात अजून किती. तो संपला की रत्नागिरी आलीच, बॅगा काढायच्या.

मांडवी एक्सप्रेस सकाळी ७.१० ला, दुपारी एक-दीडपर्यंत पोचते. पहाटे उठायचं नसेल, खात-पीत, खिडकीत बसून जायचं असेल तर हीच. हिच्यातलं खाणं फेमस आहे, लोक फूड क्वीन म्हणतात, दर दहा मिनिटांनी कोणीतरी काहीतरी गरम घेऊन येतं आणि तुम्ही डबा आणलेला असून पण घेता.

कोकणकन्या रात्री ११.०५ ला. सगळ्यांना हीच हवी असते कारण ऑफिस करून निघता येतं आणि सकाळी घरी. पण एक लक्षात घ्या, ती सुपरफास्ट झाल्यापासून रत्नागिरीला पहाटे पाचच्या आसपास टाकते. म्हणजे झोप धड साडेपाच तास पण नाही, साडेचारचा अलार्म लावून झोपायचं, नाहीतर डोळे उघडाल तेव्हा कणकवली. त्यापेक्षा मला दादरहून रात्री बारानंतर सुटणारी तुतारी बरी वाटते, ती जरा उजाडल्यावर पोचते आणि तेव्हा रिक्षाही मिळतात. तिची सुटायची वेळ १२.०५ म्हणजे तारीख बदललेली असते! शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. यात दरवर्षी कोणीतरी फसतंच, आमच्याच बिल्डिंगमधले एकजण एक दिवस उशिरा स्टेशनवर गेले होते आणि टीसीशी भांडत होते.

दिवा-रत्नागिरी पॅसेंजर दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास दिव्याहून. पूर्वी ही दादरहून सुटायची, आता दिव्यापर्यंतच येते, त्यामुळे पश्चिम उपनगरातल्यांना दिवा गाठायचंच कठीण. रिझर्वेशनची भानगड नाही, तिकीट स्वस्तात स्वस्त, आणि कडवई, उक्षी, भोके असल्या छोट्या स्टेशनांवर पण थांबते, तुमचं गाव तिकडे असेल तर फास्ट गाडीने रत्नागिरीला जाऊन मागे येण्यापेक्षा हीच सोयीची. पण वेळ भरपूर लागतो, आणि शनिवारी-सणाला बसायला मिळेल याची गॅरंटी नाही.

बोरिवली-वसईवाल्यांसाठी २०२४ च्या गणपतीआधी वांद्रे टर्मिनस-मडगाव गाडी सुरू झाली, वांद्र्याहून बुधवारी आणि शुक्रवारी. दादर-ठाण्याला यायची कटकट वाचते, दिवस जमला तर नक्की बघा. आणि परदेशातनं विमानाने येऊन थेट गावी जाणारे असाल तर एअरपोर्टवरनं कुर्ल्याचं एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस) त्यातल्या त्यात जवळ, तिथनं नेत्रावती सकाळी अकरा-बाराच्या दरम्यान आणि मत्स्यगंधा दुपारी तीननंतर सुटते, दोन्ही रत्नागिरीला थांबतात. विमान उतरून चार-पाच तासांचं अंतर ठेवा, बॅगा उशिरा येतात, ट्रॅफिक लागतो.

आता वेटिंग आलं तर काय. ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगच राहिलं तर चार्ट म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी झाल्यावर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात, त्यावर चढता येत नाही. खिडकीवरचं वेटिंग घेऊन रिझर्व्ह डब्यात चढायचे दिवस पण गेले, उतरवतात. एक युक्ती सांगते. रत्नागिरीपर्यंत वेटिंग दाखवत असेल तर त्याच गाडीचं राजापूर, कणकवली किंवा शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट बघा, कोटा वेगळा असतो त्यामुळे कधीकधी तिकडे कन्फर्म मिळतं, थोडे पैसे जास्त जातील, उतरायचं रत्नागिरीलाच. चढताना पण तसंच, सीएसएमटीहून तिकीट काढा आणि बोर्डिंग पॉइंट ठाणे किंवा पनवेल करून घ्या, पण ते चार्ट बनायच्या आत करायचं. बदल न करता ठाण्याला चढाल आणि तोवर टीसीने सीट दुसऱ्याला दिली असेल तर भांडून उपयोग नाही.

तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला, नॉन-एसीचं अकराला, आणि २०२५ च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतं. तत्काळवर विसंबून गणपतीला जाऊ नका, एवढंच सांगते.

गणपती स्पेशल गाड्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात मिळतंय ना तिकीट मग बास. बरोबर आहे, पण कोकण रेल्वेवर रोह्यापासून वीरपर्यंतच डबल ट्रॅक आहे, पुढे सगळी सिंगल लाइन, म्हणजे समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावं लागतं. रोजच्या गाड्यांच्या मध्ये दोनशे-अडीचशे फेऱ्या घुसवल्या की कोणाला बाजूला उभं करणार, स्पेशललाच ना. दोन-चार तास लेट धरूनच चाला, पाणी आणि खाणं जास्तीचं घ्या, लहान मूल असेल तर दुधाची सोय. तरीसुद्धा त्या वेळच्या हायवेपेक्षा बरं, कारण निदान संडास आहे. बायकांना विचारा, हा मुद्दा पहिला येतो, फक्त कोणी लिहीत नाही.

पायरी ५ : एसटी आणि खासगी बस

एसटीला नावं ठेवणारे खूप आहेत, मी नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध, ७५ च्या पुढे फुकट. म्हणजे आई, सासूबाई, मी आणि लेक असे चौघी निघालो की दुसरं काही इतकं स्वस्त पडूच शकत नाही. ओळखपत्र ओरिजिनल ठेवा, वयाची सवलत त्याच्यावरच. मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, ठाणे, कल्याण सगळीकडनं गाड्या आहेत. साधी लाल गाडी, निमआराम, शिवशाही असे प्रकार, रात्रीच्या प्रवासाला मागे झुकणारी सीट असलेली घ्या. सीट नंबर निवडताना मागच्या चाकावरची आणि सगळ्यात मागची रांग सोडा, खड्डे तिथे जास्त लागतात.

गणपतीला एसटीचं ग्रुप बुकिंग असतं, वाडीतले किंवा चाळीतले चाळीसेक जण जमले की अख्खी गाडी, ती तुमच्या इथनं निघून थेट गावात जाते. हे सगळ्यात सुखाचं, मंडळातला एक खटपट्या माणूस पकडा आणि जुलैतच लागा.

खासगी बस स्लीपर असते, आडवं होता येतं, तेवढंच तिचं कौतुक. सीझनला भाडं वाटेल तसं चढवतात. सरकारचा नियम आहे की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, पण रात्री अकराला रस्त्यावर बॅगा घेऊन उभं असताना नियम कोणाला दाखवणार. आणि बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा, गाडी रत्नागिरी शहरात जाते की हातखंब्याला सोडते? हातखंबा हा हायवेवरचा तिठा, तिथनं शहर दहा-बारा किलोमीटर आत. गोव्याला, सावंतवाडीला जाणाऱ्या बऱ्याच बसेस आत येत नाहीत. मला एकदा अशाच एका बसने पहाटे साडेतीनला, जुलैच्या पावसात, हातखंब्याला उतरवलं, तिकिटावर चक्क रत्नागिरी लिहिलेलं होतं, कंडक्टर म्हणतो ताई हीच रत्नागिरी. बंद टपरीच्या पत्र्याखाली दीड तास उभी होते, शेवटी भाऊ झोपेतनं उठून बाइक घेऊन आला. तेव्हापासून ड्रॉपिंग पॉइंटमध्ये शहरातलं मारुती मंदिर किंवा साळवी स्टॉप लिहिलंय का बघते आणि वर फोन करून पण विचारते.

गाडी लागणाऱ्यांनी रेल्वेच घ्या. बसनेच जायचं असेल तर पुढची सीट, हलकं खाणं, डॉक्टरने सांगितली असेल ती गोळी निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास, आणि खिशात आलेपाक. चिपळूणच्या आधी परशुराम घाट आहे, तिथे सगळ्या पिशव्या बाहेर येतात.

पायरी ६ : स्वतःची गाडी

चौघं-पाचजण असाल, गावात फिरायचं असेल, सामान असेल तर गाडी परवडते. साडेतीनशे किलोमीटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तर तेवीस-चोवीस लिटर पेट्रोल, चौघांत वाटलं तर काहीच नाही. एकट्याने गाडी काढायला मात्र मी कोणालाच सांगणार नाही, पैसे सोडा, झोप येते.

मुंबई-गोवा हायवे, आताचा ६६ नंबर, याच्यावर बोलायला लागले तर लेख संपणार नाही. २०११ पासून चौपदरीकरण चालूय, लेक जन्माला आली, शाळेत गेली, काम चालूच. पण खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलाय. महाड-पोलादपूरचा पट्टा मस्त, कशेडी घाटाला आता बोगदा झालाय त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाची वळणं काही मिनिटांवर आली. अडतं कुठे तर कोलाड, इंदापूर, माणगाव या बाजारपेठांत आणि पुढे जिथे जिथे पुलांची कामं आहेत तिथे. म्हणून वेळ अशी पकडा की माणगाव सकाळी सातच्या आत पार. म्हणजे ठाणे-डोंबिवलीहून साडेतीन-चारला निघायचं. मध्यरात्री निघून अंधारात हायवे मारू नका, वळवलेला रस्ता, अर्धवट दुभाजक, बिनदिव्याचा ट्रक हे पावसात दिसत नाही.

पेण-वडखळचा पट्टा टाळायचा असेल तर एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरा आणि पाली करून वाकणला हायवेला लागा, बरेच कोकणवाले हाच वापरतात. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मात्र हे गुपित सगळ्यांनाच माहीत असतं. हायवे पूर्णच तुंबला असेल तर तिसरा मार्ग पुणे-सातारा-कराड-मलकापूर आणि आंबा घाट उतरून साखरपा, हातखंबा. शंभरेक किलोमीटर जास्त, पण रस्ता चालता असतो. आंबा घाटात धुकं असतं, पावसाळ्यात दिवसाच उतरा.

गणपतीला जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, आरटीओ किंवा पोलीस स्टेशनकडून, दरवर्षी त्याची तारीख जाहीर होते, गाडीचा नंबर आणि प्रवासाची तारीख द्यावी लागते. निघायच्या आधी टायर, वायपर, स्टेपनी बघा, सीएनजीवाल्यांनी टाकीत थोडं पेट्रोल ठेवाच, सुट्टीत सीएनजीच्या रांगेत तास जातो. गाडी आगगाडीवर चढवायची ती रो-रो सेवा २०२५ च्या गणपतीला कोलाडहून निघाली होती, पण ती गोव्यातल्या वेर्ण्याकडे जाणारी, रत्नागिरीत गाडी उतरवता येत नव्हती, तेव्हा आपल्या कामाची नाही.

विमान आणि बोट

विमानाचं पटकन संपवते. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, मुंबईहून नेहमीचं प्रवासी विमान तिकडे जात नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी किंवा गोव्यातल्या मोपाला उतरून रत्नागिरीला यायचं म्हणजे नाशिकला जायला आधी इंदूर गाठण्यासारखं.

बोटीची गोष्ट वेगळी. आमची आजी मुंबईला आयुष्यात पहिल्यांदा गेली ती बोटीनेच. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, गाठोडी, फणस सगळं होडीतनं तिच्यापर्यंत न्यायचे, आणि मग रात्रभर बोट लागून निम्मे लोक आडवे. २०२५ मध्ये सरकारने भाऊच्या धक्क्यावरनं जयगड आणि विजयदुर्गला रो-रो म्हणजे गाड्या नेणारी बोट सोडायची घोषणा केली, तीन तासांत जयगड असं सांगितलं. माझा सल्ला एवढाच, तुमच्या तारखेचं तिकीट हातात पडल्याशिवाय त्यावर प्लॅन बांधू नका, पर्यायी तिकीट असू द्या. शिवाय जयगड म्हणजे रत्नागिरी शहर नव्हे, तिथनं पुढे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर रस्ता आहेच, स्वतःची गाडी बोटीत असेल तरच त्याला अर्थ.

मात्र घाई नसेल तर खाड्या ओलांडत जायचा रस्ता एकदा तरी कराच. भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याला रो-रो, तासाभराची, गाडी-बाइक आत जाते आणि पावसाळ्यातही चालते (गेटवेच्या छोट्या बोटी पावसाळ्यात बंद असतात). मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याला जंगल जेटीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, गाडी घालायची आणि दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला ते वेसवी दुसरी फेरी. केळशी, आंजर्ले, दापोली करत दाभोळ, तिथनं धोपाव्याला तिसरी. गुहागर, आणि तवसाळहून जयगडला चौथी. पुढे गणपतीपुळे आणि आरे-वारेचा समुद्रालगतचा रस्ता की आलीच रत्नागिरी. एका दिवसात करायला जाऊ नका, दापोली किंवा हर्णैला मुक्काम. प्रत्येक खाडीवर शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, दहा मिनिटं उशीर झाला तर समोर दिसणाऱ्या गावात जायला खाडीला वळसा घालून तास-दोन तास. सुट्टीच्या दिवशी जेटीवर गाड्यांची रांग लागते, बाइकवाल्यांना पटकन घेतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होऊन या सगळ्या खाड्यांवर पूल होणार असं मी लहानपणापासून ऐकतेय, तोवर तरी ही मजा आहे.

पायरी ७ : उतरल्यावर

कुवारबावला उतरलात की बाहेर रिक्षा असतात, मीटरच्या भानगडीत न पडता आधी भाडं ठरवा आणि गर्दीच्या गाडीतनं उतरला असाल तर शेअर करा, बाजूचा माणूस पण मारुती मंदिरालाच चाललेला असतो. दिवसा शहरी बस आहे, स्टेशनच्या बाहेर मेन रोडला येऊन पकडायची. पहाटे पाचच्या गाडीने येणार असाल आणि घरचं कोणी घ्यायला येणार नसेल तर उजाडेपर्यंत स्टेशनातच बसा, चहा मिळतो. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी शहरात स्टँडवर जायचं की स्टेशनवरनं थेट रिक्षा करायची ते माणसं किती त्यावर ठरवा, चार असाल तर थेट.

पायरी ८ : येताना, आंब्याच्या पेट्यांसकट

एप्रिल-मेमध्ये येताना पेटी असतेच, पाच डझनाची असली तरी लाकडी पेटी आणि पेंढा धरून चांगली जड होते. रेल्वेत एक-दोन पेट्या सीटखाली बसतात, चेअर कारमध्ये मात्र ठेवायची पंचाईत, वरच्या रॅकवर बसत नाही आणि मधल्या वाटेत ठेवली की सगळे ठेचकाळतात. म्हणून आंब्याच्या दिवसांत परतीला स्लीपर किंवा थ्री एसी बघा, तिथे खालच्या बर्थखाली जागा असते, खालचा बर्थ मागा. चारपेक्षा जास्त पेट्या असतील तर एसटीच्या पार्सलने पाठवा किंवा बसच्या डिकीत टाका, डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवू देऊ नका, उष्णतेने आंबे एका रात्रीत होतात. पिकलेले घेऊच नका, तयारीला आलेले हिरवे घ्या, डोंबिवलीत अढी घाला.

पेटीवर मार्करने नाव, नंबर मोठ्ठा लिहा, सगळ्या पेट्या सारख्याच दिसतात आणि आमची देवगड हापूसची कोणाकडे तरी गेली नि त्यांची पायरी आंब्यांची आमच्याकडे आली असं झालेलं आहे. ठाण्याला गाडी दोनेक मिनिटंच थांबते, त्यामुळे दिवा गेलं की उठायचं आणि पेटी दाराशी नेऊन ठेवायची, हमाल शोधत बसलात तर पेटी दादरला जाते.